थेंबाचा सूर

जलतरंग ऐकलंय ना? चिनी मातीच्या वाट्या, प्रत्येकीत कमी-जास्त पाणी, आणि बारीक काठीची टिचकी. टण्ण! कमी पाण्याच्या वाटीचा सूर चढा, भरलेलीचा उतरता. डोळे मिटूनही नुसत्या सुरावरून ओळखता येतं, कुठल्या वाटीत पाणी जास्त आहे.

आता अशी वाटी डोळ्यांसमोर आणा, जिच्यात अख्खा थेंबही मावणार नाही!

शास्त्रज्ञांकडे अशी चीज खरंच आहे. पारदर्शक सिलिकॉन रबराचा छोटासा तुकडा, आणि त्याच्या पोटात केसाएवढ्या बारीक नळ्या. थेंबाचा पन्नासावा हिस्सा आत सोडला तरी काम भागतं. नळीखाली असते तांब्याची कडी, पण एका जागी तुटलेली, मोकळ्या तोंडाच्या बांगडीसारखी. नळी जाते नेमकी त्या फटीवरून.

ही कडी काठीने वाजवत नाहीत, मायक्रोवेव्ह लहरींनी वाजवतात. तिचा सूर म्हणजे सेकंदाला अब्जावधी कंपनं. ती कानाला ऐकू येत नाहीत, यंत्राच्या पडद्यावर मात्र दिसतात. कडीतलं विद्युत क्षेत्र त्या फटीत दाटीवाटीने गोळा होतं, म्हणून तिथे काय आलं ते कडीला लगेच कळतं.

कसं कळतं? पाण्याच्या रेणूचं एक टोक किंचित धन, दुसरं किंचित ऋण असतं. विद्युत क्षेत्राची दिशा बदलली की तोही वळू लागतो. तेलाचे रेणू असे सहज वळत नाहीत. या गुणाला अंक दिला आहे, परावैद्युतांक. पाण्याचा 80च्या आसपास, गोडेतेलाचा जेमतेम 3. अंक मोठा, तितका कडीचा सूर खाली.

मला यातली सर्वांत आवडणारी गंमत सांगते. नळीत तेलाची धार सोडायची आणि तिच्यातून पाण्याचे इवलेसे थेंब एकामागोमाग पाठवायचे. तेल फटीवर असेपर्यंत सूर चढा. थेंब आला की सूर झपकन खाली, थेंब पुढे सरकला की पुन्हा वर. थेंब मोजून होतात, तेही रंग न मिसळता आणि पाण्याला धातू न लावता!

थेंब उकळणार तर नाही? नाही. स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हला 800 वॉटच्या आसपास ताकद लागते, इथे वॉटचा हजारावा हिस्सा पुरतो.

पण कडीला फसवणं सोपं आहे. पाणी तापलं की त्याचा अंक घटतो आणि सूर चढतो, म्हणून तापमान काटेकोर सांभाळावं लागतं. मीठ मिसळलं तर सूर चक्क बोदा होतो, वाजत्या वाटीवर बोट टेकवल्यासारखा. म्हणून शास्त्रज्ञ सुराची उंची आणि त्याचा खणखणीतपणा, दोन्ही तपासतात.

सुट्टीच्या दिवशी एक वाटी घ्या. चमचा-चमचा पाणी घाला, दर वेळी हलकेच टिचकी मारा. कितव्या चमच्याला सूर बदललेला कळला, ते वहीत लिहून ठेवा.