सूर्यप्रकाशापासून इंधन : प्रयोगशाळेतील संशयाची शिस्त

सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करण्याचे तंत्र आता घरांच्या छपरांपर्यंत पोहोचले असले, तरी ती ऊर्जा महिनोन्महिने साठवून ठेवण्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. आणि बॅटरीचे वजन ज्यांना पेलवत नाही, अशा लांब पल्ल्याच्या जहाजांना व विमानांना तर इंधनच लागते. म्हणून सूर्यप्रकाशाच्या बळावर पाण्याचे विघटन करून हायड्रोजन मिळवावा, किंवा पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून मिथेनॉलसारखे द्रवरूप इंधन तयार करावे, यासाठी जगभरातील विद्यापीठांच्या रसायनशास्त्र विभागांत संशोधन चालू आहे. अशा इंधनांना सौर इंधने म्हणतात. कल्पना बरीच जुनी आहे. इटलीतील बोलोन्या विद्यापीठाचे प्राध्यापक जाकोमो चामिचान यांनी १९१२ साली न्यूयॉर्क येथे दिलेल्या व्याख्यानात कोळशावरचे अवलंबित्व संपवून वनस्पतींप्रमाणे थेट प्रकाशावर रसायने घडवण्याचे चित्र रंगवले होते. प्रत्यक्ष प्रयोगाचा भक्कम आधार मात्र तिला १९७२ मध्ये मिळाला. अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी टिटॅनियम डायऑक्साइडच्या स्फटिकावर अतिनील प्रकाश पाडून पाण्याचे विघटन घडवून दाखवले.

टिटॅनियम डायऑक्साइड हा अर्धवाहक आहे. अर्धवाहकात इलेक्ट्रॉन आपल्या जागी बांधलेले असतात आणि ठरावीक किमान ऊर्जेचा प्रकाशकण मिळाला, तरच ते मुक्त होऊन वीज वाहून नेऊ शकतात. या किमान ऊर्जेला ऊर्जा-अंतर म्हणतात. सुटलेल्या इलेक्ट्रॉनच्या जागी जी उणीव उरते तिला होल अशी संज्ञा असून, हा होल धनभारित कणासारखा वागतो आणि पाण्यातून इलेक्ट्रॉन ओढून घेतो. पाण्याच्या विघटनास तत्त्वतः १.२३ व्होल्ट पुरेसे असताना टिटॅनियम डायऑक्साइडचे ऊर्जा-अंतर सुमारे ३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, म्हणजे तो केवळ अतिनील किरण शोषतो, आणि जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्यऊर्जेत या किरणांचा वाटा जेमतेम ४-५ टक्के असतो. दृश्य प्रकाश शोषणारा, स्वस्त आणि पाण्यात टिकणारा पदार्थ शोधणे हे काम तेव्हापासून सुरू झाले, ते आजही संपलेले नाही.

हिमॅटाइट हे लोखंडाचे ऑक्साइड या कसोट्यांना बऱ्याच अंशी उतरते. ते बिनविषारी आहे, मुबलक आहे आणि त्याचे ऊर्जा-अंतर सुमारे २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. त्याचा दोष असा, की त्यात निर्माण झालेला होल जेमतेम काही नॅनोमीटर अंतर जाऊन इलेक्ट्रॉनला पुन्हा मिळतो आणि शोषलेली ऊर्जा उष्णतेत वाया जाते. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) पुरेसा प्रकाश शोषण्यासाठी थर जाड हवा, पण होल पृष्ठभागापर्यंत पोहोचण्यासाठी तो अतिशय पातळ हवा, या पेचातून वाट काढण्यासाठी हिमॅटाइटच्या सूक्ष्म काड्या उभ्या वाढवल्या जातात. वाहक लेप दिलेली काच लोखंडाच्या क्षाराच्या द्रावणात बुडवून, टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या बंद पोलादी भांड्यात ओव्हनमध्ये ठेवली, की तिच्यावर पिवळसर थर जमतो आणि भट्टीत उच्च तापमानाला भाजल्यावर तो तांबडा होतो. मग ही काच क्वार्ट्झची खिडकी असलेल्या पात्रात धनाग्र म्हणून बसवतात, आरगॉन वायूचे बुडबुडे सोडून द्रावणातली हवा घालवतात आणि दर चौरस मीटरला १,००० वॅट, म्हणजे भर उन्हाच्या तोडीचा प्रकाश देणारा झेनॉन दिवा लावतात. प्रकाश ठरावीक अंतराने अडवला, की पडद्यावरची विद्युतप्रवाहाची रेषा पायऱ्यापायऱ्यांनी चढते आणि उतरते.

ही रेषा पाहून समाधान मानणे मात्र धोक्याचे असते. प्रवाह वाहतो म्हणजे ऑक्सिजन निर्माण होतो, असे नव्हे. काचेवरचा थर स्वतःच विरघळत असला किंवा द्रावणातली अशुद्धी जळत असली, तरीही प्रवाह मिळतो. म्हणून निर्माण झालेला वायू गॅस क्रोमॅटोग्राफ या उपकरणात वेगळा करून मोजावा लागतो आणि वाहिलेल्या इलेक्ट्रॉनांशी त्याचा हिशेब जुळवावा लागतो. ऑक्सिजनबरोबर नायट्रोजनही आढळला, तर कुठल्या तरी जोडातून हवा आत शिरली आहे हे उघड होते. कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनॉल मिळाल्याचा दावा करायचा, तर कार्बन-१३ हा जड समस्थानिक असलेला वायू वापरून तोच कार्बन मिथेनॉलमध्ये उतरला आहे, हे दाखवणे अपेक्षित असते, कारण धूळ, विद्रावक किंवा खुद्द उत्प्रेरकातील सेंद्रिय अवशेष यांतूनही कार्बनची संयुगे बाहेर पडतात. संशोधक विद्यार्थ्यांचा बराचसा वेळ नवा पदार्थ घडवण्यापेक्षा या पडताळणीत जातो, आणि या क्षेत्राची विश्वासार्हता त्याच वेळावर उभी आहे.

निकेलचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. अल्कधर्मी द्रावणात निकेलचे ऑक्साइड हा ऑक्सिजननिर्मितीचा चांगला उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, मानला जात असे. ओरेगॉन विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले, की त्यातील बहुतांश क्षमता लोखंडाची होती. बाजारात मिळणाऱ्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये लोखंडाचा सूक्ष्म अंश असतो, तो निकेलच्या थरात शिरतो, आणि द्रावणातून लोखंड काढून टाकले की निकेल अगदीच मंद पडते. हायड्रोजनच्या बाजूलाही असाच फसवा योग येतो, कारण दुसरा इलेक्ट्रोड प्लॅटिनमचा असल्यास त्यातील धातू विरघळून तपासणीखालच्या पदार्थावर जमा होऊ शकतो आणि सामान्य पदार्थ उत्तम उत्प्रेरक भासू लागतो.

पाण्याच्या विघटनातील खरी अडचण ऑक्सिजनचीच आहे. ऑक्सिजनचा एक रेणू मिळवण्यासाठी पाण्याच्या दोन रेणूंतून चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन काढावे लागतात, तर प्रकाशाचा एक कण एका वेळी एकच इलेक्ट्रॉन हलवतो. वनस्पतींत हे काम चार मँगनीज आणि एक कॅल्शियम अणूंचा समूह करतो. तो एकेक इलेक्ट्रॉन देत चार पायऱ्या चढतो आणि मगच ऑक्सिजन सोडतो. या चक्राची मांडणी बेसेल कॉक यांनी १९७० मध्ये केली. पानातली ही यंत्रणाही अभेद्य नसते. तिचे एक प्रथिन तीव्र उन्हात तासाभराच्या आतही निकामी होते आणि पेशी ते बदलत राहते, पण काचेवरच्या थराला अशी दुरुस्ती करणारी पेशी लाभलेली नसल्याने टिकाऊपणा हा कार्यक्षमतेइतकाच कठीण प्रश्न होऊन बसतो. १९९८ मध्ये अमेरिकेत जॉन टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्याने १२.४ टक्के सूर्यऊर्जा हायड्रोजनमध्ये उतरवली, परंतु त्या महागड्या अर्धवाहकाला द्रावणात दीर्घकाळ तग धरता आला नाही. उलट जपानमध्ये काझुनारी डोमेन यांच्या गटाने १०० चौरस मीटरचे पाणी-विघटन पटल उघड्यावर कित्येक महिने चालवले, पण २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात कमाल कार्यक्षमता ०.७६ टक्के होती.

सौर पॅनेलची वीज वापरून वेगळ्या यंत्रात पाण्याचे विद्युत अपघटन करणे आजच शक्य असताना हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न रास्त आहे. त्या यंत्रांनाही याच उत्प्रेरकांची गरज आहे, हे त्याचे एक उत्तर. आम्लधर्मी प्रकारच्या अपघटन यंत्रांत ऑक्सिजनच्या बाजूला इरिडियम वापरतात आणि या धातूचे जगातील वार्षिक उत्पादन १० टनांहूनही कमी आहे. निकेल-लोखंडाची जोडी स्वस्त असली तरी आम्लात विरघळते, त्यामुळे आम्लात टिकणारा आणि मुबलक मिळणारा पर्याय शोधण्याचे काम सौर इंधनांच्या प्रयोगशाळांत तितक्याच नेटाने चालू आहे.