एका पांढऱ्या फुलाची मोहीम

परवा वर्गात जाहिरातींवरून गप्पा चालल्या होत्या. एका मुलीनं विचारलं, "बाई, एवढा मोठा खेळाडू सांगतोय, म्हणजे ते खरंच असणार ना?" मी 'हो' म्हटलं नाही आणि 'नाही'ही म्हटलं नाही. तिला एक गोष्ट सांगितली. मुलांनो, तीच आज तुम्हालाही सांगते. गोष्ट थोडी दुःखाची आहे, पण शेवटपर्यंत वाचा बरं का!

२ जून २०२२. पॅरिसमधली फ्रेंच ओपन टेनिस स्पर्धा. अमेरिकेची कोको गॉफ उपांत्य सामना जिंकली. वय अवघं १८ वर्षं. जिंकलेल्या खेळाडूनं कॅमेऱ्याच्या काचेवर पेननं सही करायची, अशी तिथे पद्धत आहे. कुणी नुसती सही करतं, कुणी एखादं चित्र काढतं. कोकोनं मात्र लिहिलं, 'शांतता. बंदुकीची हिंसा थांबवा.' आणि खाली आपलं नाव. सगळ्या जगानं ते टीव्हीवर पाहिलं.

असं का लिहिलं तिनं? नऊच दिवसांपूर्वी, २४ मे रोजी, अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात युवॅल्डी या गावी एक बंदूकधारी तरुण प्राथमिक शाळेत शिरला होता. त्यात १९ मुलं आणि २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या.

त्याच महिन्यात आणखी एक टेनिसपटू या विषयावर बोलला. ब्रिटनचा अँडी मरे. २०१३ मध्ये त्यानं विम्बल्डन जिंकलं, तेव्हा ब्रिटनला पुरुष एकेरीचं विजेतेपद ७७ वर्षांनी मिळालं होतं. दरवेळी तेच करून वेगळं काही घडणार कसं, आता काहीतरी निराळं करायला हवं, असं तो तळमळून म्हणाला. आता तुम्ही म्हणाल, घटना अमेरिकेतली, मग या ब्रिटनच्या खेळाडूला एवढं का लागलं? कारण असा एक दिवस त्यानं स्वतः पाहिला होता.

स्कॉटलंडमध्ये डनब्लेन नावाचं छोटंसं गाव आहे. १३ मार्च १९९६ च्या सकाळी तिथल्या प्राथमिक शाळेच्या व्यायामशाळेत एक माणूस पिस्तुलं घेऊन शिरला. पहिलीच्या वर्गातली १६ मुलं आणि त्यांच्या शिक्षिका त्या दिवशी गेल्या. अँडी तेव्हा आठ वर्षांचा. त्याच शाळेत शिकत होता. त्याचा वर्ग व्यायामशाळेकडेच निघाला होता. शिक्षकांनी मुलांना सुरक्षित जागी लपवलं, म्हणून ती वाचली. पुढे कितीतरी वर्षं अँडीला या दिवसाबद्दल बोलता येत नसे. विषय निघाला की डोळे भरून येत.

सगळ्यांना धक्का बसला तो आणखी एका गोष्टीचा. त्या माणसाकडची पिस्तुलं चोरीची नव्हती. त्यांचा रीतसर परवाना त्याच्याजवळ होता! म्हणजे कायदा मोडून नव्हे, तर कायद्याच्या परवानगीनंच ती शस्त्रं घरात आली होती.

डनब्लेन परिसरातल्या काही आया एकत्र आल्या. त्यांनी ठरवलं, कायदाच बदलून घ्यायचा. त्या दिवसांत तिथे एक नाजूक पांढरं फूल उमललेलं होतं. थंडी सरता सरता ते मान खाली घालून उमलतं. नाव स्नोड्रॉप. तेच नाव त्यांनी मोहिमेला दिलं. तेव्हा घरोघरी इंटरनेट नव्हतं, मोबाइल नव्हते. कागद, पेन आणि टेबल. लोक येत आणि सही करून जात. बघता बघता सात लाखांहून अधिक सह्या झाल्या! १९९६ च्या उन्हाळ्यात सह्यांचे ते गठ्ठे संसदेत पोचले.

आता प्रसिद्ध माणसं आली. तुमच्या आई-बाबांना जेम्स बाँड ठाऊक असेल. पहिला बाँड रंगवणारे शॉन कॉनरी हे मूळचे स्कॉटलंडचेच. पडद्यावर ज्यांच्या हातात सदा पिस्तूल, त्याच कॉनरींनी चित्रपटगृहात दाखवायच्या एका जाहिरातीला आपला आवाज दिला. पिस्तुलांवर पूर्ण बंदी घातली तर हौशी नेमबाजांचा निर्मळ आनंद हिरावला जाईल, असं काही जण म्हणत होते. त्यावर कॉनरींच्या आवाजातला प्रश्न अगदी साधा होता : आपलं मूल मोठं होताना पाहण्याच्या आनंदापेक्षा तो आनंद मोठा आहे का?

गाणंही आलं. डनब्लेनच्या एका संगीतकारानं बॉब डिलन यांच्या जुन्या गाण्यात नवं कडवं घातलं. डिलन यांनी परवानगी दिली, मार्क नॉफ्लर या नामवंत कलाकारानं गिटार वाजवली आणि डनब्लेनच्या मुलांनी साथ केली. त्या डिसेंबरात ते गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं.

अखेर १९९७ मध्ये दोन कायदे झाले. पहिल्यानं लहान कॅलिबरची पिस्तुलं सोडून बाकीची बंद केली, दुसऱ्यानं तीही बंद केली. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये दीड लाखाहून अधिक पिस्तुलं लोकांनी सरकारजमा केली.

या कायद्याचं नुकसान कुणालाच झालं नाही, असं मात्र नाही. कुणाचाही गुन्हा न केलेल्या नेमबाजांचा खेळ बंद पडला. ब्रिटनच्या पिस्तूल नेमबाजांना सरावासाठी परदेशी जावं लागे. २०१४ मध्ये ग्लासगोला राष्ट्रकुल स्पर्धा भरल्या, तेव्हा पिस्तुलाच्या स्पर्धांसाठी सरकारला खास सवलत द्यावी लागली. आणि गंमत पाहा, त्याच स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं सुवर्णपदक आणि पुण्याच्या अनिसा सय्यदनं रौप्यपदक पटकावलं! म्हणजे कायदा कडक असला, तरी खेळासाठी विचारपूर्वक दार उघडता येतं.

मग प्रसिद्ध माणसांनी सांगितलं की सगळीकडे असं होतं का? नाही ना! अमेरिकेचंच पाहा. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली, ती टपालानं मागवलेल्या रायफलीनं. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि केनेडींचे धाकटे बंधू रॉबर्ट हेही गोळ्यांना बळी पडले. तेव्हा ग्रेगरी पेक, जेम्स स्टुअर्ट, कर्क डग्लस आणि 'बेन-हर'चे नायक चार्लटन हेस्टन या नटांनी मिळून कडक कायद्याची मागणी केली. त्याच वर्षी कायदा झाला आणि टपालानं रायफली विकणं बंद झालं. पण तेच हेस्टन १९९८ मध्ये बंदूकधारकांच्या बलाढ्य संघटनेचे अध्यक्ष झाले आणि कडक कायद्यांना विरोध करू लागले! माणूस तोच, आवाज तोच, म्हणणं मात्र उलट. आता नुसतं नाव पाहून विश्वास ठेवणाऱ्यानं काय करावं?

उलट, युवॅल्डीत जन्मलेले नट मॅथ्यू मॅकॉनाहे स्वतः बंदूक बाळगणारे. पण ७ जून २०२२ रोजी ते व्हाइट हाउसमध्ये बोलायला उभे राहिले. आधी ते गावातल्या दुःखी घरांमध्ये जाऊन आले होते. मृत्यू पावलेल्या एका मुलीचे हिरवे बूट कसे होते आणि त्यावर तिनं स्वतः काढलेलं बदामाचं चित्र कसं होतं, ते त्यांनी सांगितलं. त्याच महिन्यात कायदा झाला. २१ वर्षांखालच्या तरुणाला बंदूक विकण्यापूर्वी त्याची अधिक कसून चौकशी करायची, असं त्यात ठरलं. बंदी नाही, पण एक पाऊल पुढे.

तर माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं उत्तर काय? प्रसिद्ध माणूस हा लाउडस्पीकरसारखा असतो. त्याचा आवाज लांब जातो. पण लाउडस्पीकरवर भजनही लागतं आणि नुसता गोंगाटही. म्हणून आवडता खेळाडू किंवा नट काही सांगू लागला की तीन गोष्टी स्वतःला विचारा. यासाठी त्याला पैसे मिळताहेत का? ज्यांना खरंच झळ लागली, त्यांचं म्हणणं त्यानं ऐकलंय का? आणि त्याचं नाव झाकलं, तरी ते म्हणणं पटतं का?

डनब्लेनच्या टपालकचेरीजवळ आज एक सोनेरी टपालपेटी आहे. अँडीनं २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलं, म्हणून ती रंगवली. पण त्या गावाच्या आयांनी मिळवलेल्या सात लाख सह्यांतली बहुतेक नावं आज कुणालाच ठाऊक नाहीत. कायदा बदलला, तो त्या नावांनी. कॉनरींनी फक्त आवाज दिला.