कंत्राटावरचा स्मार्टपणा

स्मार्ट सिटीत नोकरी करते म्हटलं की समोरचा आधी खड्ड्यांबद्दल बोलतो, मग पाण्याबद्दल. खड्डे महापालिकेच्या बांधकाम विभागाकडे, मी स्मार्ट सिटी कंपनीत, माझ्याकडे कॅमेरे, सेन्सर आणि नियंत्रण कक्ष, एवढं सांगेपर्यंत त्याचा रस संपलेला असतो. त्यात त्याचं काही चुकत नाही. वेगवेगळे विभाग आम्ही पाडलेत, त्याने नाही.

मी मूळची सांगलीची, इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर. आधी मोबाइल कंपनीत फायबर टाकायची कामं केली, मग सिस्टीम इंटिग्रेटर कंपनीत गेले. आमच्या धंद्यात तिला नुसतं 'एसआय' म्हणतात. तिथून स्मार्ट सिटीत आले. या क्षेत्रातल्या बऱ्याच जणांचा प्रवास असाच वळणावळणाचा आहे, कारण सरळ रस्ता कधी नव्हताच. 25 जून 2015 ला स्मार्ट सिटी मिशन जाहीर झालं. 100 शहरं, प्रत्येक शहराची स्वतंत्र कंपनी, तिचे अर्धे समभाग राज्याचे आणि अर्धे महापालिकेचे. 2016 च्या जानेवारीत पहिली 20 नावं आली, त्यांत आपली पुणे आणि सोलापूर होती. आता इतक्या शहरांना तंत्रज्ञानप्रमुख आणायचे कुठून? तसा अभ्यासक्रम कुठल्याच कॉलेजात नव्हता. मग कोणी टेलिकॉममधून आलं, कोणी आयटीतून, कोणी लष्कराच्या सिग्नल्समधून निवृत्त होऊन. महापालिकेच्या जुन्या ईडीपी, म्हणजे संगणक विभागात मालमत्ताकराची बिलं काढणारेही काही जण होते, आणि माझा अनुभव असा की शहर सगळ्यांत जास्त त्यांनाच कळायचं.

बाहेरच्या देशांतही रस्ते असेच वेगवेगळे. 2010 च्या एप्रिलमध्ये ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरोत अतिवृष्टीने दरडी कोसळल्या, मोठी जीवितहानी झाली. महापौर एदुआर्दो पायस यांनी त्याच वर्षाच्या अखेरीला तीसेक खाती एका छताखाली आणणारं नियंत्रण केंद्र उभं केलं. आज आपल्याकडे जे 'कमांड सेंटर' दिसतं, त्यावर या केंद्राची छाप आहे. आयबीएमकडून ते काम पाहणारे गुरुदत्त बनावर त्याआधी कंपनीच्या भारतातल्या संशोधन केंद्राचे प्रमुख होते. पुढे ते आयबीएममध्येच कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळले आणि नंतर वायोम या कंपनीत गेले. ती पोटातल्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास करते. कंपनीच्या माणसाला शहर हा करिअरमधला एक टप्पा असतो. यात टीका नाही, पण निविदा काढणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेलं बरं.

फ्रान्सेस्का ब्रिया यांची तऱ्हा निराळी. या इटालियन बाई 2016 मध्ये बार्सिलोनाच्या तंत्रज्ञानप्रमुख झाल्या. शहरात तयार होणारा डेटा नागरिकांचा, कंत्राटदाराचा नाही, ही भूमिका त्यांनी नुसती भाषणात ठेवली नाही, कंत्राटाच्या कलमांत घातली. सेवा देणाऱ्या कंपनीने डेटा वापरता येईल अशा रूपात पालिकेला परत द्यायचा. आमच्या धंद्यात हे कलम सोन्याच्या मोलाचं आहे. ते नसलं की कंपनी बदलताना स्वतःचीच माहिती विकत घ्यायची पाळी येते.

मला स्वतःला सगळ्यांत पटतो तो न्यूयॉर्कच्या रोहित अगरवाला यांचा प्रवास. पीएचडी अमेरिकन इतिहासात! 2006 मध्ये महापौर ब्लूमबर्ग यांच्या कार्यालयात शहराच्या दीर्घकालीन नियोजनाचं काम, पुढे गूगलच्या घराण्यातल्या साइडवॉक लॅब्समध्ये. या कंपनीने टोरंटोच्या धक्क्यालगत सेन्सरांनी भरलेली वस्ती उभारायचं ठरवलं होतं. डेटा कोणाचा यावर वादळ उठलं आणि 2020 च्या मे महिन्यात कंपनीने तो प्रकल्प गुंडाळला. अगरवाला 2022 मध्ये परत पालिकेत आले, न्यूयॉर्कचं पाणी आणि मलनिस्सारण सांभाळणाऱ्या खात्याचे आयुक्त म्हणून. चकचकीत कंपनीतून गटारांकडे येणं आपल्याकडे पदावनती समजतील.

गटारावरून आठवलं. आमचं निम्मं तंत्रज्ञान गटाराशेजारच्या डक्टमधून जातं. रात्री अकराला ऑपरेटरचा फोन येतो, "मॅडम, चौकातले चारही कॅमेरे गेले." पाण्याच्या लाइनसाठी जेसीबी लागलेला असतो, त्याने फायबर तोडलेली. टीम जवळच्या जंक्शन बॉक्सवर ओटीडीआर लावते. ते यंत्र प्रकाशाचा झोत सोडून तुटलेली जागा किती मीटरवर आहे ते सांगतं. पण ते केबलचे मीटर, रस्त्याचे नव्हेत. चेंबरमध्ये केबलची वेटोळी सोडलेली असतात, ती वजा करत करत जागा शोधायची. मग टेम्पोच्या हौद्यात बसून स्प्लायसिंग. केसाएवढ्या काचेच्या तारा सोलायच्या, स्पिरिटने पुसायच्या, यंत्रात समोरासमोर धरायच्या. ठिणगी पडते, जोड बसतो, पडद्यावर 0.02 डेसिबल दिसलं की पुढची तार. चोवीस तारा, चोवीस जोड. वर पाऊस असेल तर एकाने ताडपत्री धरायची.

आणि खोदकामाची खबर आम्हाला आधी का नव्हती? परवानगीची फाइल दुसऱ्या विभागात होती म्हणून. तंत्रज्ञानप्रमुखाचं खरं कसब इथे लागतं. रस्ते विभागाच्या कनिष्ठ अभियंत्याशी चहाचे संबंध असले की तो जेसीबी लावण्याआधी एक फोन करतो. असा फोन मिळवून देणारं सॉफ्टवेअर मला अजून कोणी विकलेलं नाही. दिवसाचा बाकीचा वेळ टिपण्या लिहिण्यात, कंत्राटदाराच्या बिलातून दंड कापण्यात आणि लेखापरीक्षकाला यूपीएसची बॅटरी का बदलावी लागते ते समजावण्यात जातो.

हे शिकायला तीन-चार वर्षं जातात आणि साधारण तेव्हाच माणूस सोडून जातो. मुख्य कार्यकारी अधिकारी बहुधा प्रशासकीय सेवेतले, त्यांची बदली होते. आम्ही कंत्राटी, दर वर्षी मुदतवाढीच्या पत्राची वाट बघणारे. एसआयचे इंजिनिअर पुढच्या शहराच्या निविदेकडे जातात. केबल कुठून कुठे गेलीय हे कागदावर असतं, पण ऐन वेळी ती कुठे वळवली हे अनेकदा एखाद्या सुपरवायझरच्या डोक्यातच असतं.

31 मार्च 2025 ला मिशनची मुदत संपली. शंभरही शहरांत नियंत्रण कक्ष उभे आहेत, कोविडच्या काळात त्यांतले अनेक वॉर रूम म्हणून कामालाही आले. कंत्राटात देखभालीची मुदत सहसा पाच वर्षांची असते. त्यानंतर वीज, दुरुस्ती, सॉफ्टवेअरचे परवाने, सगळा भार महापालिकेच्या तिजोरीवर आणि महापालिकेच्या माणसांवर. ही माणसं आहेत कुठे? महापालिकेचा आकृतिबंध, म्हणजे मंजूर पदांचा तक्ता, उघडून बघा. त्यात शिपाई आहेत, माळी आहेत, स्थापत्य आणि विद्युत अभियंते आहेत. नेटवर्क अभियंता, डेटा अधिकारी आणि कायम नेमणुकीचा तंत्रज्ञानप्रमुख ही पदं आहेत का, हे आपल्या नगरसेवकाला विचारा. नसतील, तर मंजूर करून भरायला लावा.