पी. पी. नंबर ते माझा नंबर

मैत्रिणींनो, एखादा फॉर्म भरताना ‘मोबाईल क्रमांक’ या रकान्यात तुम्ही कुणाचा नंबर लिहिता? स्वतःचा, नवऱ्याचा की मुलाचा? प्रश्न साधा वाटेल; पण मोबाईलची सगळी गोष्ट मला या एका रकान्यात दिसते.

ज्यांची लग्नं नव्वदच्या आसपास झाली, त्यांना ‘पी. पी. नंबर’ आठवत असेल. नंबरापुढे ‘पी. पी.’ लिहिलं, की समजायचं, फोन शेजाऱ्यांचा आणि निरोप आपला. आमच्या तालुक्याच्या गावी अख्ख्या आळीत एकच फोन होता. माहेरून फोन आला, की त्या घरातला मुलगा ओरडत यायचा, ‘काकू, फोन!’ कणकेचे हात तसेच घेऊन धावायचं. आणि तिथं, दुसऱ्याच्या बैठकीत, चार माणसांच्या देखत आईशी बोलायचं तरी काय? ‘बरी आहे गं, सगळं बरं आहे.’ झालं! पुढे पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले. रात्री अकरानंतर दर पाव व्हायचा, म्हणून तेव्हा गर्दी. पण त्या वेळी बाईमाणूस एकटं बूथवर जाणार कसं? थोडक्यात काय, फोन होता. पण तो जागेचा होता, माणसाचा नव्हता.

नेमकी हीच गोष्ट मार्टिन कूपर या अमेरिकन इंजिनिअरला खटकत होती. फोन टेबलाला नाही तर मोटारीला बांधलेला का असावा? तो माणसाजवळच हवा, असं त्यांचं म्हणणं. ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभं राहून त्यांनी हातातल्या फोनवरून पहिला कॉल लावला. कुणाला म्हणाल? बेल लॅब्जमधल्या जोएल एंजल या आपल्या प्रतिस्पर्ध्याला! नवी पैठणी नेसून मुद्दाम जावेच्या दारावरून जावं, तसाच प्रकार. तो फोन किलोभराहून जड होता. त्याच घराण्यातला फोन विकायला १९८३ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. किंमत ३,९९५ डॉलर. चार्जिंगला दहा तास आणि बोलणं जेमतेम अर्धा तास.

वायर नसताना चालत्या गाडीतही बोलणं तुटत कसं नाही, हा प्रश्न मला फार दिवस होता. उत्तर सोपं आहे. गावाचे, शहराचे लहान लहान भाग करतात आणि प्रत्येकाला एक टॉवर. या भागाला म्हणतात ‘सेल’, म्हणून सेलफोन. आपण पुढे सरकलो, की एक टॉवर आपला कॉल दुसऱ्याच्या हवाली करतो. लग्नघरात तान्हं बाळ कसं एका मावशीच्या कडेवरून दुसरीच्या कडेवर जातं आणि त्याची झोपही मोडत नाही, तसंच.

भारतात पहिला मोबाईल कॉल झाला ३१ जुलै १९९५ रोजी. पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर पडायचा आणि आलेला फोन उचलला तरी पैसे जायचे! पुढे १९९९ मध्ये नवं दूरसंचार धोरण आलं, २००२ मध्ये बीएसएनएल आणि रिलायन्स मोबाईलमध्ये उतरले, स्पर्धा वाढली नि दर कोसळले. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं. मला विचाराल तर आपल्यासाठी खरी क्रांती हीच. खात्यात दमडी नसली, तरी आईचा फोन घेता येऊ लागला. आणि मिस्ड कॉल! एक रिंग म्हणजे ‘पोचले’, दोन म्हणजे ‘तू फोन कर’. असली भाषा कुठल्या इंजिनिअरने शिकवली नव्हती. काटकसरीतून ती आपणच तयार केली.

त्याच वर्षी नोकियाचा ११०० आला. धूळ जाऊ नये असा कीपॅड, वर छोटी टॉर्च. जगभरात २५ कोटींहून अधिक विकला गेला हा फोन. आपल्याकडे तेव्हा लोडशेडिंग रोजचंच. त्या टॉर्चच्या उजेडात किती जणींनी भाकऱ्या थापल्या असतील!

पण घरात आला, म्हणजे बाईच्या हातात आला असं नाही. आधी नवऱ्याला, मग कॉलेजात जाणाऱ्या मुलाला, मग जमलं तर मुलीला. आणि आईला? मुलाने नवा घेतला, की त्याचा जुना. शिळी पोळी जशी आईच्या ताटात, तसा जुना हॅण्डसेट आईच्या हातात! २००७ मध्ये आयफोन आला, २००८ मध्ये अँड्रॉइड, २०१६ मध्ये जिओने इंटरनेट स्वस्त केलं. तरी हा क्रम फारसा बदलला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं, की १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी स्वतः वापरायचा मोबाईल २०१५-१६ मध्ये ४६ टक्के जणींकडे होता आणि २०१९-२१ मध्ये ५४ टक्के जणींकडे. म्हणजे निम्म्या उंबरठ्याच्या अलीकडे, निम्म्या पलीकडे.

आता यात काय बिघडलं, घरात एक फोन पुरे की, असं कुणी म्हणेल. आमच्या बचत गटातल्या एका ताईंचं ऐका. खातं त्यांच्या नावाचं, पण नंबर पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाचा. पैसे जमा झाले, की मेसेज त्याला. ओटीपी आला, तोही त्यालाच. मुलगा गुणी, पण कारखान्यात पाळी सुरू असताना फोन उचलता येत नाही. आपल्याच कामासाठी आपल्याच लेकाच्या जेवणाच्या सुट्टीची वाट बघायची! शेवटी उन्हाळ्यात पापड-कुरडयांचे पैसे आले, त्यातून त्यांनी साधा बटणांचा फोन घेतला, स्वतःच्या आधारवर सिम काढलं आणि बँकेत जाऊन नंबर बदलून आल्या. मेसेज इंग्रजीत येतो, तो सगळा त्यांना वाचता येत नाही. पण आकडा बरोबर कळतो. ‘आता माझा हिशेब आधी मला कळतो,’ एवढंच त्या म्हणाल्या.

स्मार्टफोनच हवा असं मुळीच नाही. ओटीपीला साधा फोनही चालतो. सिम मात्र आपल्या नावाचं असावं, आणि आलेला ओटीपी कितीही गोड बोलणाऱ्याला सांगू नये. या आठवड्यात पासबुक भरायला गेलात, तर खिडकीवर एवढं विचारून या, ‘माझ्या खात्याला नंबर कुणाचा जोडलाय हो?’