आवाज कमी व्हावा, वारा नव्हे

जुन्या पेंटियम संगणकाचं बटण दाबलं की आधी पंखे घरघरतात आणि मागोमाग हार्ड डिस्क खरखरायला लागते. तरीही अशी यंत्रं टेबलावर टिकून आहेत. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत जुळवलेला मजकूर, पेजमेकरच्या त्या काळच्या फाइली, प्रिंटर पोर्टात डोंगल लावल्याशिवाय न उघडणारी सॉफ्टवेअरं नव्या संगणकावर सरळ चालत नाहीत, आणि काहींना ती यंत्रं मनापासून जपायचीच असतात. आवाज कमी करण्याचा सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे पंख्याचा वेग उतरवणं. १२ व्होल्टचा पंखा १२ आणि ५ व्होल्टच्या तारांमध्ये जोडला की त्याला ७ व्होल्ट मिळतात आणि तो एकदम शांत होतो. माझं म्हणणं असं की जालना जिल्ह्यात हा उपाय सर्वांत शेवटी करावा, आणि बहुतेक वेळा करूच नये. इथे शांतता दुरुस्तीतूनच मिळवायला हवी.

वेग उतरवण्याचा मोह का होतो, हे समजण्यासारखं आहे. पंख्याचा वेग निम्मा केला तर आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो, आणि १० डेसिबल उतरले तरी कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. पण वेग निम्मा म्हणजे वाराही निम्मा. तेवढीच उष्णता निम्म्या वाऱ्याने बाहेर न्यायची, तर ती हवा दुप्पट तापते. खोक्यातली हवा बाहेरच्यापेक्षा १० अंशांनी गरम असेल, तर ती आता २० अंशांनी गरम राहील. २२ अंशांच्या खोलीत याने काही बिघडत नाही. आतली हवा ४२ अंशांवर थांबते. जालन्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. ४२ अंशांच्या दुपारी बंद खोलीत तोच हिशोब ६२ अंशांवर जातो, आणि त्या काळच्या बहुतेक हार्ड डिस्कची मर्यादा ५५ ते ६० अंशांची असते. वाऱ्याशी केलेली तडजोड मोठ्या कंपन्यांनाही महागात पडली आहे. १९८० साली आलेल्या ॲपल ३ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांच्या आग्रहामुळे पंखा नव्हता. ती यंत्रं तापायची आणि चिपा खाचेतून सैल व्हायच्या. १९८४ चा पहिला मॅकिंटॉशही बिनपंख्याचा होता. १९८७ च्या मॅकिंटॉश एसईमध्ये मात्र कंपनीने पंखा बसवला.

यावर एक वजनदार आक्षेप येतो. गुगलने २००७ साली आपल्या हजारो डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि तापमान वाढलं की डिस्क बिघडतातच असा सरळ संबंध त्यात दिसला नाही. अभ्यास खरा आहे, पण तो पूर्ण वाचावा. त्या डिस्क नियंत्रित हवेच्या डेटा सेंटरमधल्या होत्या. शिवाय खूप जास्त तापमानाला, आणि तीन वर्षांहून जुन्या डिस्कमध्ये, उष्णतेचा परिणाम तिथेही दिसला. आपल्यासमोरची डिस्क वीस-पंचवीस वर्षांची आहे. डिस्कपलीकडे पॉवर सप्लायमधले कपॅसिटर आहेत, जे उष्णतेने सुकतात, आणि त्यांच्याबद्दल वाद नाही.

मग आवाज येतो कुठून? नव्या पंख्याला त्याच वेगाला एवढा आवाज नव्हता. काळ्या मातीची बारीक धूळ आणि जिनिंगच्या हंगामात हवेत उडणारे कापसाचे तंतू मिळून प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या पात्यांत नमद्यासारखा थर बसवतात. वारा अडतो आणि पंखा खळखळत हवा घुसळत राहतो. पात्यांवर एका बाजूला धूळ जास्त साचली की पंख्याचा तोल जातो आणि सगळा डबा थरथरतो. म्हणून पहिलं काम साफसफाई. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर ती भरमसाट वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. पुढे तेल. पंख्याच्या मधला स्टिकर अलगद उचलला की खाली रबरी बूच किंवा थेट दांडा दिसतो. साध्या बुशाच्या पंख्यात शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब पुरतात. घरातलं खोबरेल तेल घालू नये. ते २४ अंशांच्या खाली थिजतं, आणि जालन्यातल्या डिसेंबरच्या सकाळी पंखा अडकून बसतो. तेल घालूनही दांडा डुगडुगत असेल तर नवा पंखा घ्यावा.

डबा चालू असताना बाजूच्या पत्र्यावर तळहात दाबून पाहा. आवाज बदलला, तर दोष पंख्यात कमी आणि पत्र्यात जास्त आहे. सैल स्क्रू आवळा, पंख्याखाली रबर घाला. जागा असेल तर ८० मिलिमीटरऐवजी १२० मिलिमीटरचा पंखा बसवावा. तो तेवढाच वारा खूपच कमी वेगात देतो, म्हणून वेग उतरवण्याची एवढी एकच वाट मला इथे मान्य आहे. पॉवर सप्लाय मात्र घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात ३०० व्होल्टच्या आसपासचा विद्युतभार राहू शकतो. तो पंखा बदलणं जाणत्या कारागिराचंच काम.

हार्ड डिस्कचा आवाज निराळा. ५४०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला ९० वेळा फिरते आणि त्याच सुराची घूं पत्र्याला देते. स्क्रूंखाली रबरी वॉशर घातले की ती बरीच दबते. डोकं पुढे-मागे धावतानाची कुरकुर वेगळी. २००० नंतरच्या बऱ्याच आयडीई डिस्कमध्ये ती सॉफ्टवेअरने मंद करता येते, थोडा वेग गमावून. पण बेअरिंगचीच किरकिर असेल किंवा टक्-टक् ऐकू येत असेल, तर तो आवाज दाबायचा नसतो. डिस्क मरायला टेकल्याची ती सूचना आहे. अशा डिस्कची आधी पूर्ण नक्कल काढावी आणि अडॅप्टरवर कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवावं. हे कार्ड आयडीईच्याच पद्धतीने बोलतं, त्यामुळे जुन्या संगणकाला ते डिस्कच वाटतं. १९९८ पूर्वीचे अनेक बायोस ८.४ गिगाबाइटच्या पुढचं ओळखत नाहीत, म्हणून ४ गिगाबाइटचं कार्ड बरं. खरखर गेली तर यंत्राचा मूळपणाच गेला, असं जुन्या संगणकांचे चाहते म्हणतात. त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. पण त्या तबकड्यांना आता मोजकेच तास उरले आहेत. मूळ डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत कोरड्या जागी जपून ठेवली, तर ती कधीही परत लावता येते; रोज फिरवून संपवली, तर तीही जाते आणि तिच्यातल्या फाइलीही जातात.

जालना, अंबड, भोकरदन, कुठेही तुमच्याकडे असं यंत्र असेल, तर साफसफाई, तेलपाणी आणि डिस्कची नक्कल हे सगळं मार्चच्या आत उरका. एप्रिलपासून त्याला वाऱ्याचा प्रत्येक झोत लागणार आहे.