अभिजात कार्टून लघुपटांतील स्लॅपस्टिक विनोद : आकर्षणाची मीमांसा (विशेष संदर्भ : ‘टॉम अँड जेरी’, १९४० ते १९५८)

प्रस्तावना :

मांजर उंदराचा पाठलाग करते, उंदीर निसटतो आणि मांजराची फजिती होते. एवढ्याशा कथाबीजावर विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या दिग्दर्शकद्वयाचे ११४ लघुपट १९४० ते १९५८ या काळात प्रदर्शित झाले. अमेरिकेतील मेट्रो-गोल्डविन-मेयर या चित्रसंस्थेच्या कार्टून विभागात निर्माण झालेली ही ‘टॉम अँड जेरी’ मालिका सात अकादमी पुरस्कारांची मानकरी ठरली. चित्रपटगृहांसाठी तयार झालेले हे काही मिनिटांचे लघुपट पुढे दूरचित्रवाणीमुळे जगभर पोहोचले. भारतात १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क ही वाहिनी सुरू झाल्यावर मराठी घरांतही ते परिचयाचे झाले. संवाद अत्यल्प असल्याने भाषेचा अडसर आला नाही.

शेवट आधीच ठाऊक असूनही प्रेक्षक पुन्हा पुन्हा का हसतो? पडद्यावरील मारझोड त्याला क्लेशकारक का वाटत नाही? या विनोदाची मर्यादा कोठे आहे? प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांचा विचार केला आहे.

१. संज्ञा आणि परंपरा :

‘स्लॅपस्टिक’ हा शब्द मुळात रंगभूमीवरील एका साधनाचा आहे. इटलीतील ‘कॉमेडिया देलार्ते’ या नाट्यप्रकारात विदूषकी पात्रांच्या हाती दोन लाकडी पट्ट्या जोडलेली काठी असे. तिचा फटका मारला असता आवाज मोठा होई, पण इजा होत नसे. आघाताचा आभास मोठा आणि दुखापत नगण्य, हे या विनोदाचे मूलतत्त्व त्या काठीतच सामावलेले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मॅक सेनेट, चार्ली चॅप्लिन, बस्टर कीटन यांच्या मूकपटांनी ही परंपरा पडद्यावर आणली. तथापि जिवंत नटाच्या शरीराला मर्यादा असतात. चित्रित शरीराला त्या नसल्यामुळे कार्टूनमध्ये या तत्त्वाचा विस्तार शक्य झाला.

२. वेदनेवाचून आघात :

हास्यास्पद गोष्टीत दोष किंवा कुरूपता असते, परंतु ती वेदनादायक वा विनाशक नसते, असे अॅरिस्टॉटलने आपल्या काव्यशास्त्रात प्रतिपादन केले आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातही विकृत वेष व विपरीत चेष्टा यांचा संबंध हास्यरसाशी जोडलेला आहे. या विचारांच्या आधारे टॉमच्या शरीराकडे पाहता येते. तो पाट्यासारखा चपटा होतो, ज्या वस्तूवर आदळतो तिचा आकार धारण करतो आणि पुढच्याच दृश्यात पूर्ववत होतो. टॉमची सुप्रसिद्ध किंकाळी स्वतः हॅना यांच्या आवाजातील आहे. ती मोठी असते, परंतु एकाएकी थांबते. तिच्यामागून कण्हणे येत नाही. वेदनेचा उद्गार ऐकू येतो, वेदनेचा परिणाम मात्र दिसत नाही. त्यामुळे प्रेक्षकाची करुणा जागी होण्यापूर्वीच त्याला हसू येते. हा संकेत ओळखण्याइतके वय नसलेल्या बालकासोबत मोठ्या माणसाने बसणे उचित, हेही येथे नमूद केले पाहिजे.

३. स्वतःच्या कारस्थानाचे फळ :

केवळ मारझोड असती तर हे लघुपट लवकरच कंटाळवाणे झाले असते. त्यांतील आघातांना एक तर्कसंगती आहे. दुसऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात खणणाराच पडतो. १९४४ च्या ‘माउस ट्रबल’ या लघुपटात टॉम उंदीर पकडण्याच्या युक्त्यांचे एक पुस्तक मागवतो आणि त्यातील उपदेश क्रमाने अमलात आणतो. प्रत्येक युक्ती त्याच्यावरच उलटते. येथे हसू येते ते टॉमला मार बसतो म्हणून नव्हे, तर पुस्तकी ज्ञानावरील त्याचा विश्वास इतक्या आपट्या खाऊनही ढळत नाही म्हणून. मनुष्य यंत्रवत वागू लागला की हास्य निर्माण होते, हा फ्रेंच तत्त्वज्ञ हेन्री बर्गसन यांनी १९०० मध्ये मांडलेला विचार टॉमला तंतोतंत लागू पडतो.

दुसरे सूत्र दुर्बलाच्या विजयाचे आहे. १९४० च्या ‘पुस गेट्स द बूट’ या पहिल्या लघुपटात मांजराचे नाव जॅस्पर आहे. आणखी एक वस्तू फोडलीस तर घराबाहेर काढीन, अशी ताकीद त्याला मिळते. ही ताकीद उंदराच्या कानी पडते आणि तो पेला हाती घेऊन फोडण्याचा धाक घालतो. शरीरबळाने लहान असलेला उंदीर घराच्या नियमालाच आपले शस्त्र बनवतो. वडीलधाऱ्यांच्या नियमांत वावरणाऱ्या मुलाला आणि वरिष्ठांच्या हाताखाली काम करणाऱ्या प्रौढाला हा विजय आपलासा वाटतो, तो यामुळेच.

४. कालमापन आणि संगीत :

या विनोदाचा तिसरा आधार काटेकोर कालमापन हा होय. चित्रपटात दर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. म्हणजे सात मिनिटांच्या लघुपटात १०,०८० चौकटी होतात. संगीताची गती मिनिटाला १२० मात्रांची धरल्यास प्रत्येक मात्रेच्या वाट्याला नेमक्या १२ चौकटी येतात. या हिशेबामुळे पावलाचा, फटक्याचा आणि सुराचा क्षण एकच ठेवता येतो. संगीतकार स्कॉट ब्रॅडली यांनी मालिकेतील बहुतेक लघुपटांना असे कृतीशी बांधलेले संगीत दिले. पळण्यापूर्वी पात्र किंचित मागे रेलते, पडण्यापूर्वी क्षणभर अधांतरी थांबते. त्या थांबण्यातच प्रेक्षकाची अपेक्षा ताणली जाते आणि पतनाबरोबर ती हास्यात मोकळी होते. शेवट ठाऊक असूनही हसू येण्याचे रहस्य येथे आहे. पुढे काय होणार यापेक्षा ते नेमके केव्हा होणार, याची उत्कंठा असते.

१९४७ चा ‘द कॅट कॉन्चेर्टो’ हे याचे उत्कृष्ट उदाहरण होय. टॉम रंगमंचावर फ्रान्झ लिस्ट यांची दुसरी ‘हंगेरियन ऱ्हॅप्सडी’ पियानोवर वाजवीत आहे आणि पियानोच्या आत जेरी झोपलेला आहे. भांडण जुंपते, पण वादन खंडित होत नाही. सभ्यतेचा मुखवटा सांभाळीत चाललेली ही लढाई शब्दावाचून रंगते.

१९५७ मध्ये एम.जी.एम.चा कार्टून विभाग बंद झाला. हॅना व बार्बेरा दूरचित्रवाणीकडे वळले. तेथील अल्प खर्चात चित्रांची संख्या कमी करावी लागली आणि हालचालीची जागा संवादांनी घेतली. १९६० मध्ये सुरू झालेली ‘द फ्लिंटस्टोन्स’ लोकप्रिय ठरली, परंतु तिचा विनोद प्रामुख्याने ऐकण्याचा आहे. पूर्वीच्या लघुपटांतील विनोद हालचालीवर किती अवलंबून होता, हे या फरकावरून स्पष्ट होते.

५. हास्याची मर्यादा :

या लघुपटांचे गुणगान करताना त्यांतील दोषाकडे डोळेझाक करता येणार नाही. पहिल्याच लघुपटापासून घरातील आफ्रिकन-अमेरिकन मोलकरीण मालिकेत दिसते. तिचे चित्रण मुख्यतः कमरेखालचे असून तिची भाषा व वागणे वर्णद्वेषी साच्यातून आलेले आहे. अनेक लघुपटांत स्फोटानंतर पात्राचा चेहरा कृष्णवर्णीयांच्या विडंबनासारखा दाखविला आहे. या चित्रणावर आक्षेप घेतले गेले. १९५२ नंतर हे पात्र हॅना-बार्बेरा यांच्या लघुपटांत राहिले नाही. पुढे दूरचित्रवाणीसाठी काही लघुपटांत ते नव्याने रेखाटण्यात आले, तर काहींत त्याचा आवाज बदलण्यात आला.

येथे विनोदाचे मूलतत्त्वच भंग पावते. टॉमची फजिती त्याच्या कृतीतून उद्भवते आणि क्षणात पुसली जाते. वर्णाची थट्टा मात्र कोणत्याही कृतीचे फळ नसते आणि तिचा आघात पडद्याबाहेरील खऱ्या माणसांवर होतो. तो पुढच्या दृश्यात पुसला जात नाही.

समारोप :

सारांश, या लघुपटांचे आकर्षण हिंसेत नसून हिंसेला घातलेल्या बंधनांत आहे. आघात टिकत नाही, तो बहुधा कर्त्याकडेच परततो आणि त्याचा क्षण चौकटीगणिक मोजलेला असतो. या बंधनांत राहून केलेली थट्टा आठ दशकांनंतरही ताजी वाटते. जेथे ती बंधने सुटली, तेथे तेच लघुपट आज अवघडून टाकतात. म्हणून ‘हे नुसते मारामारीचे चित्रपट’ हा पालकांचा आक्षेप जसा अपुरा आहे, तसेच ‘हा निव्वळ निरागस विनोद’ हे चाहत्यांचे समर्थनही अपुरे आहे. विनोदाचा लक्ष्यबिंदू माणसाची कृती आहे की त्याचा जन्म, ही कसोटी लावूनच प्रत्येक लघुपटाचे मूल्यमापन करणे योग्य ठरेल.