लोकल पकडा, गण शिका!

वृत्त, गण, यमक, नांदी... मराठीच्या पेपरातले हे शब्द बघून पोटात गोळा येतो? डोन्ट वरी! बोईसर-पालघरच्या मंडळींनो, तुमचा अर्धा सिलॅबस रेल्वेच्या रुळांवरच आहे.

माहीत आहे का? अक्षरगणवृत्तांचे आठही गण 10 अक्षरांच्या एका पासवर्डमध्ये बसतात : यमाताराजभानसलगं! पहिली तीन अक्षरं उचला. 'यमाता' म्हणजे लघु, गुरू, गुरू. झाला य गण. एक अक्षर पुढे सरका. 'मातारा', तिन्ही गुरू. हा म गण. असेच सरकत राहा, आठही गण हजर आणि एकही रिपीट नाही! आजचे गणिती अशा रचनेला 'द ब्रूइन सिक्वेन्स' म्हणतात. आपल्याकडे ती शाळेच्या बाकावर पाठ होते.

आता स्टेशनांची नावं फोडू. (तारापूरला 1969 पासून अणू फुटतोय, आपण शब्द फोडायला काय हरकत आहे?) ऱ्हस्व अक्षर लघु, दीर्घ अक्षर गुरू, अनुस्वारवालंही गुरूच.

सफाळे, य गण. अंधेरी, म. माहीम, त, मग ते मुंबईचं असो की आपलं केळव्याशेजारचं! केळवे, र. विरार, ज. दादर, भ. वसई, स. उरला तीन लघूंचा न गण. त्यासाठी दादरला गाडी बदला आणि परळ गाठा. आठही गण खिशात, तेही एका तिकिटावर!

थांबा, खरी धमाल पुढे आहे. य गण चार वेळा आला की होतो भुजंगप्रयात. समर्थांचे मनाचे श्लोक 205, आणि वृत्त हेच. मग म्हणा त्याच चालीवर : 'डहाणू सफाळे, डहाणू सफाळे'. बसलं की नाही फिट? डब्यात मोठ्याने म्हणा, भजनी मंडळ साथ देईल.

अनुप्रास हवाय? 'सातपाटीचं पापलेट'! 'प' आणि 'ट' कसे उड्या मारतात बघा. पापलेट 2023 पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे, म्हणजे अलंकारालाही सरकारी मान.

आणि माहीत आहे का? भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अलंकार फक्त 4 : उपमा, रूपक, दीपक, यमक. पुढच्या पंडितांनी शंभरी पार केली!

केशवसुतांनी मराठीत सॉनेट आणलं, तेव्हा त्याला नाव दिलं 'चतुर्दशक'. ओळी 14, हिशेब चोख.

ओवी समजायला तर पालघरसारखं गाव नाही. इथल्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे, ते सोनोपंत दांडेकर म्हणजे ज्ञानेश्वरीचे नामवंत अभ्यासक आणि संपादक. तिच्या ओवीत पहिले तीन चरण यमकात जुळतात आणि चौथा आखूड येऊन पटकन थांबतो. तो छोटा ब्रेक कानाला कळला की व्याख्या घोकायची गरजच नाही.

कादंबरी? ती तर बाणभट्टाची नायिका! सातव्या शतकातलं तिच्याच नावाचं पुस्तक बाणाकडून अपुरं राहिलं, मुलाने पुरं केलं. मराठीतली पहिली कादंबरी 'यमुनापर्यटन' आली 1857 मध्ये.

नाटकाच्या प्रश्नासाठी मात्र गाइड मिटा आणि होळीनंतर जव्हार-मोखाड्याकडे निघा. तिथे रंगतो बोहाडा : देवादिकांचे मुखवटे, संबळाचा ठेका, रात्रभर सोंगं. सुरुवातीलाच गणपती येतो, शारदा येते. नांदी कशाला म्हणतात, ते तिथे नाचून दाखवतात!